सरे

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेचार ते सहा,
पर्पेतीन बाई फ्रेंच शिकवतात.
खाली लाद्या फुटतात, वर क्रियापदं.
आम्ही तिघं:
बोटीवर आचारी होऊ पाहणारा सायमन,
परीक्षेला बसलेली एक मुलगी,
आणि काजू फॅक्टरीत एकतीस वर्षं वजनं लिहिलेला मी,
मस्यू केळुसकर.

आज नवा काळ.
बाई म्हणाल्या, उद्यात जाऊन उभं राहायचं
आणि मागे वळून बघायचं.
तिथून जे झालेलं दिसेल, ते.
आधी सहायक क्रियापद भविष्यात न्यायचं,
मग त्याच्या शेजारी झालेलं काम ठेवायचं.
जोरे फिनी. माझं संपलं असेल.
ज सरे पार्ती. मी निघालो असेन.

सरे.
लिहिलं आणि पेन थांबलं.
आमच्यात दिवस सरतो, दिव्यातलं तेल सरतं.
यांना नुसतं 'असेन' म्हणायचं तरी
सरे म्हणावं लागतं.

दोन सहायकं लागतात यांना,
एक जवळ असण्याचं, एक नुसतं असण्याचं.
आपण एकाच असण्यावर भागवतो:
पैसे असतात, ताप असतो, देव असतो.
खाल्लं, लिहिलं, विकलं, हे सगळं जवळच्या खात्यात.
येणं, जाणं, पडणं, जन्मणं, मरणं,
ही मोजकी दुसऱ्या खात्यात,
आणि येणारी बाईमाणूस असेल तर
शेवटी एक ई जोडायची.
उच्चारायची नाही. फक्त लिहायची.
माझी दर वेळी राहते.

लियाँच्या शाळेला सुट्टी जुलैत लागते.
आनाईस येते (ही तिला अनसूयाच म्हणते)
तेव्हा सुरंगी फुलून, वाळून, व्यापाऱ्याकडे गेलेली,
आंब्याच्या पेटीतला पेंढा कोंबड्यांच्या खुराड्यात,
होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या,
समुद्रात पाय घालायचा नाही.
सात वर्षांच्या पोरीनं वेंगुर्लं
फक्त आटोपल्यानंतरचं पाहिलंय.

म्हणून गृहपाठात लिहिलं:
तू येशील तेव्हा सुरंगी गळली असेल.
तू येशील तेव्हा होड्या झोपल्या असतील.
तू येशील तेव्हा मी ओटा सारवला असेल.
दहापैकी साडेसात.
'मरणे'समोर मी जागा कोरी सोडली होती.
तिथे गुण कापलेला नव्हता.
तांबड्या, बारीक अक्षरात:
हे वगळलं तरी चालेल.

परवा सकाळी आठला फोन उचलला
तर ही चुलीपासून ओरडली,
"ठेवा तो. चेडू निजलां आसतलां."
निजलं असेल.
म्हणजे हिला हा काळ
कुठल्याच बाईंकडे न जाता येत होता.
बाईंना सांगितलं तर त्या हसल्या.
तेही तसंच बोलतात म्हणे,
कुणाला उशीर झाला की, गाडी चुकली असेल.
दिसत नाही ते पुढे नेऊन ठेवायचं
आणि झालं म्हणायचं.

एक मात्र त्यांच्याकडे नाही, आपला 'की'.
तू आलीस की जेवू.
यायची आहे अजून, तरी आलीस.
बाईंनी त्यासाठी फळ्यावर चार शब्द लिहिले,
कां त्यु सरा व्हन्यू,
आणि शेवटी ती ई, खडूनं दोनदा गिरवलेली.

रविवारी रात्री आठला, तिकडे दुपार,
मी तिन्ही वाक्यं म्हणून दाखवली.
कागद हातात होता, तरी घाम आला.
ती ऐकत होती. मागे कुणीतरी भांडी लावत होतं.
मग म्हणाली, ए त्वा?
आणि तू?
तू तेव्हा काय काय केलं असशील?

ओटा, म्हटलं. ओटा झाला.
आणखी?

कोरी जागा कागदावर तशीच होती.
मी हिच्याकडे बघितलं. ही तांदूळ निवडत होती.
तेवढ्यात तिकडून पहिल्यांदाच मराठीत,
बापाचं ऐकून ऐकून उचललेलं:
"आजोबा, मी आलो की सांग."

आलो.
पेन खिशात होतं, तांबडं, बाईंनीच दिलेलं.

हो, म्हटलं.
तू आलास की सांगतो.